नकाराचं बटण

माझ्या ताईला ऑफिसात 'फूटपट्टी' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण म्हणतात. दुकानं, गोदामं, कारखाने मोबाइलवर जे सॉफ्टवेअर वापरतात, त्यातल्या फॉर्मची मांडणी ती करते. कुठला रकाना वर, कुठला खाली, बटण केवढं, सगळं ती ठरवते. एकच फॉर्म अनेक भाषांत जातो, म्हणून तिचा नियम ठरलेला आहे: आधी सगळ्यात लांबलचक वाक्य घ्यायचं, सगळ्यात लहान फोन घ्यायचा, अक्षरं मोठी करायची आणि मगच रेघ मारायची. बाकीचे आधी छान चित्र काढतात आणि मग त्यात भाषा कोंबतात. "माप न घेताच कपडे शिवतात मेले," ती म्हणते.

राग तिच्या नाकावर असतो. मी सख्खा धाकटा भाऊ, मला काय सांगता! दवाखान्यात नाव लिहायला चिमुकली चौकट दिसली, तरी ती काउंटरवरच्या माणसाला फैलावर घेते आणि मी आपले बूट बघत उभा राहतो. आई लवकर गेली, आम्हाला मावशीने वाढवलं. हा तापटपणाही तिच्याकडूनच आलेला. म्हणूनच मावशीचं अलीकडचं वागणं आम्हाला कळत नव्हतं.

मावशी एका मोठ्या लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या ओल्या चादरी इस्त्रीच्या यंत्रात सरकवायच्या, दिवसभर उभ्याने. संध्याकाळी तिचे गुडघे सुजलेले असतात. रविवार तेवढा तिचा, आणि रविवारी ताईकडे जेवायचं हे ठरलेलं. पण कित्येक महिने ती रविवारीसुद्धा कामावर जात होती. ताई भडकायची. "विचारतात ना तुला? मग नाही म्हण की! साऱ्या जगाला सुनावतेस आणि तिथे मूग गिळून बसतेस?"

"विचारत नाहीत गं, सांगतात," मावशी म्हणायची.

ताईला ती पळवाट वाटायची. शेवटी एकदा म्हणाली, "तुला आमच्यापेक्षा चादरी प्यार्‍या," आणि बोलणंच टाकलं. दोघी एकसारख्या हट्टी, मधल्यामध्ये माझा निरोप्या झाला.

एका शनिवारी मावशीच्या फोनवर तिची हजेरी दिसेना. बिघडला असेल म्हणून मी तो ताईकडे नेला. तिने पडदा बघितला आणि तिचा चेहराच उतरला. पडद्यावर प्रश्न होता: येत्या रविवारी जादा पाळीला याल का? खाली एकच बटण, आमच्या घरच्या वेगळ्या भाषेत, अर्थ असा: 'होय, मी रविवारच्या पाळीला नक्की येईन.' मावशीने या खेपेला ते दाबलं नव्हतं, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचं काही, हजेरीसुद्धा, उघडत नव्हतं.

"आणि 'नाही' कुठाय?" मी विचारलं.

ताईने पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं. "इथे. कडेच्या बाहेर."

फॉर्म तिचाच होता. तिने दोन्ही बटणं एकाखाली एक ठेवली होती. तिच्या साहेबांनी ती शेजारी-शेजारी आणली, का तर ऑफिसातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तशी देखणी दिसतात. ऑफिसच्या भाषेत होय आणि नाही एकेका शब्दात भागतं. आमच्या घरच्या भाषेत नाही भागत, पूर्ण वाक्यच लागतं. त्यात मावशीने डोळ्यांसाठी अक्षरं मोठी केलेली. 'होय'ने सगळी रुंदी खाल्ली आणि 'नाही' पडद्याबाहेर गेलं. ताई तेव्हा भांडली होती. "ती भाषा वापरणार कोण, चार बायका?" असं साहेब म्हणाले आणि बाकीच्यांनी त्यांची री ओढली. हे सॉफ्टवेअर मावशीच्या लाँड्रीने घेतलंय, हे ताईला माहीतच नव्हतं.

सोमवारी तिने तो फोन साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "यावर नाही म्हणून दाखवा." साहेबांनी बोट इकडे ओढलं, तिकडे ओढलं, फोन आडवा धरला. मग म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू. तसे लाँड्रीवाले खूश आहेत. रविवारी आता माणसं कमी पडत नाहीत त्यांना."

ताईकडून हे नंतर ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तर तिथे तिचं काय झालं असेल? चूक होते, मान्य. पण चुकीतून कुणाची तरी सोय होतेय म्हणून ती जपून ठेवायची? जनाची नाही तर मनाची तरी लाज?

आश्चर्य म्हणजे ताई ओरडली नाही. "नव्या गिऱ्हाईकाला दाखवायचे फॉर्म माझ्याकडे अर्धे झालेत," ती म्हणाली. "हे बटण आत येईपर्यंत ते अर्धेच राहतील. मला काढायचं असेल तर खुशाल काढा." साहेबांनी आदळआपट केली, नोकरीची भीती घातली, आणि गिऱ्हाईक यायची वेळ झाली तसे मुकाट्याने कबूल झाले.

त्या शनिवारी ताई मावशीकडे गेली. माफी मागणं तिला जन्मात जमलेलं नाही. दारातूनच म्हणाली, "फोन काढ." प्रश्न आला होता. खाली दोन बटणं, एकाखाली एक, सारख्याच रुंदीची.

मावशी बघत राहिली. "हे खालचं आधी नव्हतं."

"असायला हवं होतं."

"मी सांगत होते ना, विचारत नाहीत म्हणून?"

"सांगत होतीस. आणि मी उलट तुलाच बोलले." ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

मावशीने खालचं बटण दाबलं. चहा उकळायच्या आतच फोन वाजला. लाँड्रीचा मुकादम होता. मावशीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"बाई, तुमचं चुकून नाही दाबलं गेलंय बहुतेक," तो म्हणाला.

"चुकून होय दाबलं जात होतं, मुकादम," मावशी म्हणाली. "इतके महिने. तेव्हा नाही आला तुमचा फोन?"