लंगडीची बिस्किटं

माझ्या चुलत दिरांनी उभ्या आयुष्यात माणसांचं एकही काम वेळेवर केलं नाही आणि कुत्र्यांचं एकही काम उद्यावर टाकलं नाही. भोरच्या कचेरीत जमिनीचे नकाशे नकलून देणं ही त्यांची नोकरी. लोक एकेका नकाशासाठी महिनामहिना खेटे घालत, आणि हे गृहस्थ घरी परसात उकिडवे बसून बिस्किटं भाजत. रॉकेलच्या डब्याला आतून चिखल लिंपून त्यांनी भट्टी केली होती. खाली निखारे, वर पत्र्यावर निखारे. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या दोन खोल्या आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे धूर आमच्याकडे आणि बिस्किटं कुत्र्यांकडे अशी वाटणी ठरून गेली होती.

लढाईचे दिवस. गहू दृष्टीस पडत नव्हता, म्हणून नाचणीचं पीठ, तांदळाचा कोंडा आणि माझ्याकडून मागून नेलेलं ताक यांवर त्यांचं भागायचं. पोळी लाटून झाली की कचेरीतली पट्टी आणि गुण्या घेऊन ते तिच्यावर चौकोन आखायचे. एक चौकोन तिरका गेला की सगळा गोळा मोडून पुन्हा लाटणं सुरू. मी एकदा न राहवून म्हटलं, "भावजी, कुत्रं काय मोजणी करून खातं?"

"लहानमोठं झालं की भांडणं लागतात, वहिनी. जमिनीचं बघतोच ना मी रोज."

मीठ आणि गूळ त्यांच्या बिस्किटांना वर्ज्य. गुळानं कुत्र्याला खरूज होते हे त्यांचं ठाम मत. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "खाजवणाऱ्यांनीच." मी एक तुकडा तोंडात टाकून पाहिला होता. सारवलेली भिंत चाटल्यासारखा लागला.

आळीतली अकरा कुत्री रोज कचेरी सुटायच्या सुमारास त्यांच्या पायरीवर ओळीनं बसत. अकरावी लंगडी. बैलगाडीखाली मागचा पाय गेलेली, दात पडलेली म्हातारी कुत्री. ती नेहमी सगळ्यांकडे पाठ करून बसायची, आपण काही मागायला आलोच नाही अशा थाटात. तिचं बिस्किट ते पाण्यात भिजवून हातानं भरवत.

मग वरच्या आळीत एक पिसाळलेलं कुत्रं कुणाला तरी चावलं आणि दवंडी पिटली गेली, की चार दिवसांनी गावातली मोकाट कुत्री मारली जातील. भावजी कोपरापर्यंत पीठ लागलेले हात घेऊन माझ्या दारात आले. "विंझरला ताईकडे नेतो सगळ्यांना. ऐसपैस जागा आहे."

"सात-आठ कोस, डोंगरातून? आणि कशी नेणार?"

"बिस्किटांवर."

दिवसभर भाजून त्यांनी दोन पिशव्या भरल्या आणि सकाळी निघाले. खांद्याला पिशव्या, काखेत छत्री, आणि दर शंभर पावलांना मागच्यांना एकेक चौकोन. लंगडीला उचलायला गेले तर तिनं हाताला बोचकारलं. कुणी उचललेलं तिला खपत नसे. "ही तुमच्याकडे," ते मला म्हणाले. "दाराआड ठेवा."

"मी नाही हो असली जबाबदारी घेत."

"घ्याल," म्हणाले, आणि गेले.

लंगडीसाठी दुसऱ्या दिवशी ते भाड्याची गाडी शोधायला परत आले, तर पायरीवर दहाच्या दहा कुत्री ओळीनं बसलेली. त्यांच्या आधी पोचली होती. भावजी खालच्या पायरीवर मटकन बसले. चिडलेले, रुसलेले भावजी मी खूप पाहिले होते. असे कधी पाहिले नव्हते.

"त्यांना मी नकोच होतो, वहिनी. त्यांना ही भट्टी हवी. मीच बांधून ठेवलंय त्यांना इथं."

भाड्यानं गाडी कुणी दिली नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी भट्टीच उचलली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डबा, डब्यात धुमसते निखारे आणि एक घाणा भाजायला टाकलेला. वासामागे दहा कुत्री. सगळी आळी ओट्यावर येऊन हसत होती. "वरात निघाली! नवरी कुठाय?" कुणी ओरडलं. भावजींनी मान वळवली नाही. डोक्यावर विस्तव होता. जाताना मला म्हणाले, "आठ दिवसांत लंगडीला न्यायला येतो."

आले नाहीत. एक दिवस भट्टी विझली तर कुत्री भोरची वाट धरतील ही धास्ती. नोकरीचा राजीनामाही त्यांनी टपालानं पाठवला.

लंगडीला मी स्वयंपाकघरात जुन्या लुगड्याच्या दोरीनं बांधली होती. दवंडीत सांगितलेल्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर दोरी सुटलेली, मागचं दार ढकललेलं. ती भावजींच्या बंद दारासमोर पायरीवर बसली होती, गल्लीकडे पाठ करून. आणि गल्लीच्या तोंडाशी कुत्री मारणारी माणसं आलेली. माझ्या कमरेवर एक घागर, डोक्यावर एक. पाणी लांबून आणलेलं. सांडू नये म्हणून मी त्या नीट खाली ठेवल्या. तेवढा वेळ त्या माणसांना पुरला.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. बाकी काही नाही, एवढंच: "लंगडी खाते का?" मी कार्डावर लिहिलं, "खाते."

मग डबे येऊ लागले. विंझरची ठकूबाई भोरला दिलेल्या लेकीकडे यायची, तिच्या हाती. "वैनी, पान्यात बुडवून द्या म्हनल्यात. तिला दात न्हाईत म्हनं."

"बरं."

"कुठं हाय ती?"

"मागं, परसात."

ठकूबाईनं मागच्या उघड्या दारातून परसात पाहिलं. तिथं दोरीवर धुणं तेवढं होतं. "व्हय," ती म्हणाली, आणि रिकामा डबा घेऊन गेली.

असं वर्षभर चाललं. अन्न टाकणाऱ्यातली मी नाही. ती बिस्किटं मी म्हशीच्या आंबोणात घालत होते. दर कार्डात तोच प्रश्न, दर उत्तरात तोच शब्द. घरात कुणाशीही खोटं न बोललेली बाई मी, पण या एका शब्दाला माझा हात कधी अडला नाही.

मागच्या खेपेचा डबा उघडला तेव्हा वास वेगळा आला. चौकोन तसेच, गुण्या लावून कापलेले, एकही तिरका नाही. एक मोडून तोंडात टाकला. गूळ होता. चिमूटभर मीठही होतं. थोडं तूपसुद्धा, या दिवसांत कुठून मिळवलं कोण जाणे.

"ही भिजवायची न्हाईत म्हनल्यात," ठकूबाई जाता जाता म्हणाली. "अशीच द्या म्हनं."

डब्याच्या तळाशी कार्ड होतं: "लंगडी खाते का?"

मी चहा टाकला. त्यांच्या रिकाम्या पायरीवर जाऊन बसले आणि दोन बिस्किटं खाल्ली. मग घरात येऊन कार्ड घेतलं आणि लिहिलं, "खाते."