सर बघतायत

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते जिन्यात. समोरच्या घरात नवीनच राहायला आली होती. दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरली, परत चढली, कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा उतरली. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "लागलंय गं, मी पाहिलं." ती दचकली. "हो काका, पण मन मानत नाही." आत तिची आई होती, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली.

ती एका डॉक्टरांकडे रिपोर्ट टाइप करायची. टायपिंगला हात मोठा साफ, पण जीव चिमणीएवढा. दवाखान्यात सगळे डॉक्टरांना 'सर' म्हणत. सरांचा नियम एकच, रिपोर्ट दवाखान्याबाहेर न्यायचे नाहीत. आईचा ताप हटेना, त्या आठवड्यात तिने तो मोडला. अर्धवट टाइप केलेले बत्तीस रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतले. तेही कॉपी करून नव्हे, कट करून, मागे खूण राहायला नको म्हणून.

त्याच संध्याकाळी तिने आमची बेल वाजवली. ओठ पांढरे पडले होते.

"काका, सरांना कळलं. माझी नोकरी गेली."

"कोणी सांगितलं?"

"संगणकावर लिहून आलंय."

मी तिच्याकडे गेलो. जुन्या संगणकासमोर पेन ड्राइव्ह पडला होता आणि शेजारी वाय-फायचं बोटभर यंत्र, तिने कालच आणलेलं. दोन्ही तिने हिसकून काढली होती. "कोण आलंय गं?" आईने आतून विचारलं. "कोणी नाही, झोप तू," ती म्हणाली.

मी ते बोटभर यंत्र पुन्हा लावायला सांगितलं. दोन वेळा तिला खाच सापडली नाही. मग पडद्यावर आसपासच्या घरांतल्या वाय-फायची नावं एकाखाली एक आली. सगळ्यांत वर होतं 'सर बघतायत'.

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"अगं, हे आमचं वाय-फाय. जावयाने लावून दिलं. माझाच विद्यार्थी तो, अजून मला सर म्हणतो. 'असं नाव ठेवलं की शेजारी फुकट वापरणार नाहीत, सर,' म्हणाला."

तिने सुटकेचा श्वास सोडला नाही. पेन ड्राइव्हकडे बघत राहिली. "रिपोर्ट सेव्ह होत होते, काका. मी तसाच उपटला."

तो लावला. आधी पूर्ण पुसावा लागेल, अशी सूचना आली. ती खुर्चीच्या कडेला बसली. तळवे साडीला पुसत होती, ते पुन्हा ओले होत होते. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, "ताई, यात काही उरलं नाही."

ते दोन दिवस ती आजारी असल्याचं दवाखान्यात कळवून घरी होती. फोन वाजला की भिंतीला टेकून उभी राहायची. मी म्हटलं, "मी येतो, डॉक्टरांना समजावतो."

"नको काका. रिपोर्ट घरी नेले होते हे तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारतील. जे केलं ते मीच सांगते."

आणि तिने सांगितलं. त्याच दिवशी मी आमच्या वाय-फायचं नाव बदलून घेतलं. त्याचा तिला काय उपयोग.

डॉक्टरांनी तिला काढलं नाही, पण संगणकापासून उठवलं. आता ती दवाखान्याच्या दाराशी बसून आलेल्यांची नावं वहीत लिहिते, आणि दुपारी तिच्या आईजवळ आमची ही बसते.