चौथ्या ओळीतलं घर

शालू, आपण देवडी सोडली तेव्हा तू आणि मी बैलगाडीत वळकट्यांवर बसलो होतो, तोंडं मागे करून. कुठे चाललोय ते दिसत नव्हतं, सुटत चाललेलं तेवढं दिसत होतं. जागीरदारसाहेबांच्या त्या वाड्याची, देवडीची निळी कमान, तिच्या मागच्या अंगणातलं आपलं बिऱ्हाड, भिंतीवर वाळत राहिलेलं कुणाचं तरी लुगडं. गाडी अफझलगंजच्या पुलावर आली आणि मुसी नदीवरच्या धुक्यात ते सगळं हळूहळू पुसून गेलं. “मागे बघू नका गं पोरींनो,” आई म्हणाली. ती स्वतः मात्र पदराआडून बघत होती.

माझे अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तुझे बाबा आणि माझे काका, दोघेही साहेबांच्या कचेरीत कारकून होते. निजामाचं राज्य गेलं, जागिरी गेल्या आणि त्यांच्याबरोबर कारकून, मुन्शी, आचारी, बग्गीवाले सगळेच उघड्यावर आले. निजामाचं नाणं, तो हाली सिक्काही गेला. अण्णांचं उर्दू अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा, पण आता ते कुणाला हवं होतं? त्या दिवसांतलं एकच दृश्य मला अजून स्वप्नात येतं. रस्त्याने हातगाड्यांवरून देवड्यांतली मोठमोठी झुंबरं विकायला चालली आहेत, भर उन्हात किणकिणत. मला ती वरात वाटायची.

मग आपण नल्लकुंट्याला आत्याच्या घरी राहिलो. एक लांबट खोली, मध्ये दोरीवर साडी टाकलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे तुम्ही. आपल्याला मजा वाटे, साडीखालून एकमेकींचे पाय ओढायचो. आईला आणि काकूला ते दिवस कसे गेले असतील, हे मला स्वतःचा संसार झाल्यावर कळलं. पाहुणा दोन दिवसांचा असतो, आपण तर ठाण मांडून बसलो होतो. आत्या बिचारी कधी काही बोलली नाही, त्याचंच आईला जास्त लागे.

अशात सरकारने घरं बांधायला काढली. ज्यांची रोजी बुडाली, त्यांना कमी भाड्यात. नल्लकुंट्याच्या पलीकडे नुसतं माळरान होतं, तिथे ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी, सगळी एका साच्यातली. लोक त्यांना ‘नवे मकानां’ म्हणत. चिठ्ठ्या निघाल्या. तुम्हाला चौथ्या ओळीत घर लागलं, आम्हाला पहिल्या. किल्ली मिळाली त्या दुपारी आई एकटीच आत गेली आणि तिने आतून कडी लावली. मी बराच वेळ दार वाजवत राहिले. उघडलं तेव्हा ती रडत होती की हसत होती, कळेना. “काही नाही गं,” म्हणाली, “जरा एकटी बसले होते.”

शेजारी सीताम्मा. तिचा नवरा कुठल्याशा नवाबाची बग्गी हाकायचा, तोही आपल्यासारखाच बेकार झालेला. आईला तेलुगू येत नव्हतं, तिला मराठी. दोघी मोडक्या दख्खनी उर्दूत बोलायच्या आणि उरलेलं वाटीतून जायचं. इकडून मेतकूट, तिकडून अंबाडीचं लोणचं. ती आईला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणायची, आई तिला नुसतं सीताम्मा. एव्हाना अण्णांना आणि काकांनाही सरकारी कचेरीत लहानशा नोकऱ्या लागल्या होत्या. सगळं बरं चाललं होतं. पण अण्णांचं चित्त चौथ्या ओळीत.

“आपली माणसं आपल्याजवळ हवीत,” ते म्हणायचे. “उद्या अडीनडीला कोण धावणार?” त्यांनी घरं वाटणाऱ्या साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या, घरांची अदलाबदल करून घेतली आणि आम्ही तुमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आलो. बघता बघता इतर मराठी बिऱ्हाडांनीही तेच केलं, आणि चौथी ओळ म्हणजे मराठी ओळ झाली. काय दिवस होते, शालू! गणपती एकच, आरती एका सुरात, हळदीकुंकवाला या दारातून त्या दारात. तू भिंतीवर टकटक करायचीस, मी उलट करायचे. त्या टकटकीचा अर्थ काही नव्हता. आई मात्र रोज दुपारी तीन ओळी ओलांडून सीताम्माकडे जायची. अण्णांना ते फारसं आवडत नसे.

आणि मग राज्यंच वाटली गेली. मराठी मुलूख तिकडे, तेलुगू इकडे. कचेरीत विचारणा झाली, कुठे जाणार? अख्खी ओळ ओसरीवर बसून तेच बोलायची. काकांचा निर्णय झाला होता, पुणे. “अण्णा, आपल्या भाषेच्या राज्यात जाऊ. इथे आपण आता परके,” ते म्हणाले. अण्णा तयारच होते. त्यांनी ट्रंका उतरवायला सांगितलं.

आई चुलीपुढून उठली नाही. “मी नाही यायची,” एवढंच म्हणाली. आपल्या घरात दिरासमोर इतक्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. “भाषा माझी मला येते, ती कुठे जात नाही. पण पुन्हा कुणाच्या घरी साडीचा पडदा लावून मी राहणार नाही. पुण्यात घर मिळालंय का? मग आधी घर मिळवा, मग मला सांगा.” अण्णा चिडले, दोन दिवस जेवले नाहीत. काका म्हणाले, वहिनी, तुम्ही त्यांना माणसांतून उठवताय. आई कढी ढवळत राहिली. शेवटी अण्णांनी राहतो म्हणून कळवलं, पण त्यांनी ते तिच्या तोंडावर कधी मान्य केलं नाही. वर्षानुवर्षं कुठलंही दुखणं आलं, सण सुना गेला, की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, “राहिलो मागे.”

नामपल्ली स्टेशनवरून तुमची गाडी सुटली ते तुला आठवत असेलच. तू खिडकीत, मी फलाटावर. एकामागून एक अख्खी ओळ गेली. ज्या माणसांसाठी अण्णांनी पहिल्या ओळीतलं घर सोडलं, ती सगळीच. मी शाळेतून आले की कुलपं लावलेल्या दारांसमोरून एकटी चालायचे. तुमच्या भिंतीवर टकटकही करून पाहिली. ऊन ओसरीवर तसंच पडलेलं, तुळशीची कुंडी तशीच, माणूस नाही. मला फार पोरकं वाटायचं.

पुढे राजधानी इकडे आली तशी कर्नूलच्या कचेरीतून बदलून आलेली तेलुगू कुटुंबं त्या घरांत राहायला आली. मला वाटलं, आता सीताम्माची चंगळ. पण ती आमच्या ओसरीवर येऊन तोंड पाडून बसली. “वदिना, इनकी तेलुगू मेरे कू समझीच नै,” म्हणाली. “मैं बोली तो हसते.” आईने तिच्याकडे बघितलं आणि दोघीही हसत सुटल्या. कर्नूलच्या बायकाही हळूहळू आमच्या ओसरीवर येऊ लागल्या. त्याही सामान बांधून आलेल्याच की!

ती वसाहत आता ओळखू येत नाही. चौथ्या ओळीत तीन मजली इमारत आहे आणि मी दिलसुखनगरला पाचव्या मजल्यावर राहते. खाली कोचिंग क्लासची पोरं पाठीवर सॅक टाकून जाताना दिसतात, कुठकुठल्या गावांहून आलेली. आमचे हे गेल्यापासून तू दर फोनला म्हणतेस, “पुण्याला ये, तुझं आता तिथे आहे तरी कोण?” पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते.

माझ्या लग्नाला काका एकटेच आले होते, तुझी परीक्षा होती. लग्न लागलं, मांडव उतरला, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते अण्णांशेजारी ओसरीवर बसले होते. मी चहा घेऊन गेले. काका सांगत होते, पुण्याच्या कचेरीत अजून त्यांना ‘निजाम’ म्हणतात. तोंडातून ‘हो’च्या जागी हौ निघालं की टेबलं हसतात. मग चहाच्या कपाकडे बघत त्यांनी विचारलं, “अण्णा, या ओळीत एखादं घर रिकामं आहे का?”

अण्णांनी कप खाली ठेवला. आईच आतून म्हणाली, “भाऊजी, रिकामं कशाला हवं? हे काय परक्याचं आहे?”

काका हसले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. सकाळच्या गाडीने ते गेले. अण्णा त्यांना पोचवून आले, चपला काढल्या, आणि आईला म्हणाले, “त्या वेळी तू माझं ऐकलं नाहीस ते बरं झालं.” आई त्यांचं ताट वाढायला उठली. ‘राहिलो मागे’ हे मात्र त्यानंतर अण्णांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

काकांनी तुला हे सांगितलं नसणार. पुण्यात त्यांनी घर बांधलं, तुम्हाला वाढवलं, ते सुखातच होते, त्यात खोट नाही. पण मागे कोण राहिलं आणि पुढे कोण गेलं, हे मला तेव्हापासून सांगता येत नाही. म्हणून शालू, मी नाही येत. तूच ये. आणि ‘एखादं घर रिकामं आहे का’ असं विचारायला लाजू नकोस.