शिवारात पडलेली पेटी

माझी बायको जाऊन पंधरवडाही झाला नाही. गावातले येतात, बसतात, फार चांगली होती म्हणतात. मी कोणाला चहा विचारत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यातलं सांगतो. आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. कापूस वेचताना बायकोला बांधावर एक पेटी सापडली. तिला दोरी, अन् दोरीला रबराची लक्तरं. चीज कामाची दिसली म्हणून ती डोक्यावर घेऊन गावात आली.

शेजारच्या गावात तेव्हा पटकी चालू होती. आमच्याकडची रीत अशी की पटकी आली की मरीमायला टोपलीत बसवायचं अन् वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेत ठेवून यायचं. मग रोग त्यांचा. टोपलीला हात लावणाऱ्याने तो घरात आणला म्हणायचं.

पाटलांनी पेटी लांबूनच पाहिली. “हाई त्यासनी मरीमाय शे.”

“नाना, मरीमाय रबरनं लुगडं नेसस का?” बायको म्हणाली.

कोणी हसलं नाही. तिला पेटीसकट मळ्यातल्या खोपीत धाडलं. मीही गेलो. अंगावर पिणारी पोर मात्र माझ्या आईजवळ गावात ठेवून घेतली. शेजारची पटकी थांबेस्तोवर बायकोने लेकरापाशी यायचं नाही. बायको रोज दूध पिळून मातीत टाकायची.

पाटलांनी कचेरीत कळवलं होतं. तिथून एक शिकलेला माणूस मोटारीने आला. पेटीचं झाकण शाबूत बघून त्याला इतका आनंद झाला की मला वाटलं, आता सुटलो.

“फार जपून ठेवलीत, बाई,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “साहेब, एवढं गावासमोर सांगा.”

पारावर उभं राहून त्याने सांगितलं. आभाळाच्याही पलीकडून कसले किरण येतात. हवा त्यांना बरंचसं अडवते, म्हणून फुग्याला बांधून पेटी उंच सोडतात. आत केसासारखी बारीक तार असते. किरणांनी ती हळूहळू ढळते, अन् तिची रेघ फिल्मवर उमटत जाते.

“येतात कुठून?” मी विचारलं.

“ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. पण भिऊ नका. ते आत्ताही आपल्या सगळ्यांच्या अंगातून आरपार चाललेत.”

झालं. पाटील मागे सरले. “दिसस नही, कोठून येस ते मालूम नही, अन् बठ्ठासना आंगमाईन जास. मंग रोग आखो कसाले म्हनतस?”

“नाना, बठ्ठासना आंगमाईन जास, मंग मी एकलीच भाहेर का?” बायकोने विचारलं. साहेब हसला, पेटी मोटारीच्या गादीवर ठेवली अन् गेला. त्याला रेघ बघायची घाई होती.

होळी झाल्यावर बायकोला गावात घेतलं. तोवर दूध आटलं होतं. पोर आजीच्या मागे लपली. पुढे ती आजीलाच आई म्हणायला लागली, अन् आईला, माझे भाऊ म्हणत तसं, वहिनी. बायकोने तिला कधी टोकलं नाही. मी टोकायचो, तर मलाच गप्प बसवायची.

परवा दहाव्याला पोर नदीवर आली. आता तिलाच नातवंडं आहेत. कावळा पिंडाला शिवेना. तेव्हा तिने हात जोडले अन् म्हणाली, “वहिनी, काय राहिलं असेल ते सांगा, मी करते.”

मी उठून घरी आलो.