गोधडीतला कॉम्प्युटर

कोपरला, इमारतीतल्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला, तो मी शिकवायचे त्या कॉम्प्युटर क्लासने मोडीत काढलेला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यावर मी स्वतः एक साधा गेम लिहिलेला. वरून आंबे पडतात, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकवून ते झेलायचे. तीन निसटले की डाव संपला.

लिहिलेला सासूबाईंसाठी. सासरे नुकतेच गेलेले आणि या दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. ताट पुढ्यात ठेवलं तर जेवायच्या, नाहीतर नाही. शेवटी एकदा मी त्यांना जबरदस्तीने खुर्चीत बसवलं, बोटं धरून बाणांची बटणं दाखवली. आठवड्याभरात बाई एकट्या खेळायला लागल्या. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच किती आंबे झेलले ते सांगायच्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग माझी हौस. मुका गेम काय खेळायचा, म्हणून मी त्यात आवाज घातले. आंबा झेलला की टिंग, निसटला की ढप्पसारखं काहीतरी, आणि हरलं की वरून खाली उतरत जाणारी लांबलचक पींऽऽ. आवाज यायचा खोक्यातल्या बारक्या स्पीकरमधून आणि तो कमी करायला बटणच नव्हतं. वाजला की अख्ख्या मजल्याला ऐकू.

दोनेक आठवड्यांनी, एका शनिवारी मी दुपारीच घरी आलेले. बघते तर कॉम्प्युटरचा खोका गोधडीत गुंडाळलेला, वर उशी, आणि सासूबाई समोर बसून आंबे झेलतायत. हात लावला तर खोका तव्यासारखा तापलेला. माझं डोकंच फिरलं. जळून जाईल, आग लागेल, एवढंही कळत नाही का, तोंडाला येईल ते बोलले. त्या उठून पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

मग हळूच म्हणाल्या, "आवाज बाहेर जातो गं. नवरा जाऊन तीन महिने नाही झाले आणि ही खेळत बसते, असं शेजारणी म्हणतात. परवा जिन्यात मला ऐकू येईल असं बोलल्या."

आवाज मी घातलेला, आणि खरं सांगायचं तर शाबासकी मिळवायला घातलेला. पहिल्या दिवशी किती नाचत मी तो त्यांना ऐकवलेला! म्हणूनच, काढून टाक असं मला सांगायचं सोडून ही बाई रोज गोधडी गुंडाळत बसलेली. स्वतःचीच लाज वाटली मला.

गोधडी ओढून काढली, खोका जरा निवू दिला आणि आवाजाच्या ओळी पुसायला बसले. त्या माझ्या मागे उभ्या.

"टिंगपण जाणार?"

म्हटलं, सगळंच जाणार, आई. आता कोणाला काही ऐकू येणार नाही.

त्यांनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला.

"राहू दे. हे गेल्यापासून दुपारी घरात तेवढाच आवाज असतो."

त्यांनी गोधडीची घडी घातली, कपाटात ठेवली. मी उठले, गेम लावून दिला आणि त्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशी तीन आंबे पटापट निसटले. पुढचं दार उघडंच होतं. पींऽऽ जिन्यापर्यंत गेली असणार. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"परत लाव," मला म्हणाल्या.