स्टील गिटारला ॲम्प्लिफायरविना परवानगी

अन्याय झाला तो हाडांच्या एका निवृत्त मराठी डॉक्टरवर आणि त्यांच्या मांडीवरच्या स्टील गिटारवर. कधी, तर २७ नोव्हेंबर २००५ ला, रविवारी दुपारी. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी इथे विलायतेत दारूच्या परवान्यांचा नवा कायदा लागू झाला होता. अन्याय म्हटलं की आपल्याकडे आधी विचारतात, कोणी मेलं का? कोणी मेलं नाही. एका माणसाला त्याच्या खुर्चीवरून उठवलं आणि त्या जागी टीव्ही लावला.

मी तेव्हा सव्विशीत होते. विमानतळावर सफाई करणाऱ्या बायकांच्या पगारासाठी पत्रकं लिहायची, छापून आणायची, बस स्टॉपवर वाटायची, असं माझं काम. राहायचे डॉक्टरकाकांच्या घरी, वरच्या खोलीत, भाड्याने. काकू म्हणायच्या, "पत्रकं वाटून वाटून हिची जीभपण छापील झालीय. चहा घेतेस का विचारलं तरी मागणी करते."

काका मूळचे नागपूरचे. मेडिकल कॉलेजात असताना हवाईयन गिटारचं वेड फार होतं, त्यात तेही सापडले. सिनेमातली गाणी, भावगीतं, सगळं आडव्या गिटारवर. पुढे मँचेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिथे एका जुन्या सामानाच्या दुकानाच्या काचेत त्यांना ती दिसली. अमेरिकन, विजेवर चालणारी, त्यांच्याच वयाची असेल. गिटार म्हणायची, पण पोटात पोकळी नाही, मध्ये भोक नाही. नुसती एक जाड फळी, तिच्यावर सहा तारा, आणि वरून मोत्यासारखं चमकणारं क्रीम रंगाचं प्लास्टिक चिकटवलेलं. काकूंच्या मते ती बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसायची. ती मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने नखीने छेडायची. बोटं तार दाबतच नाहीत. त्यामुळे एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधलं सगळं ऐकू येतं, रडताना आवाज घसरतो ना, तसं.

मँचेस्टरहून काका पुढे दक्षिणेला, विमानतळाजवळच्या आमच्या उपनगरात आले. इथे आयरिश माणसं पुष्कळ. त्यांना अमेरिकन कंट्री गाणी जीव की प्राण. आई, आगगाडी, दारू आणि सोडून गेलेली बायको, या चार विषयांपलीकडे ती गाणी सहसा जात नाहीत. त्यातला एक गायक दिवसा विमानात सामान चढवायचा आणि रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये गायचा. एकदा सामानाच्या गाडीवरून पडला, मनगट मोडलं, आणि प्लास्टर घालायला समोर काका. "सहा आठवडे गिटार बंद," काका म्हणाले. "मग रविवारी मी काय करू, डॉक? नुसता उभा राहू?" काका म्हणाले, "मी थोडी वाजवतो." ते 'थोडी' पुढे अकरा वर्षं चाललं.

मी पहिल्यांदा गेले ती काकांचा ॲम्प्लिफायर उचलायला. मला वाटलं होतं काका पुढे बसतील, लोक टाळ्या वाजवतील. छे. ते गायकाच्या मागे, बाण फेकायच्या डार्टच्या फळ्याखाली बसले. लोक गप्पा मारत होते, कोणी कुत्र्याला चिप्स भरवत होतं. गायक एक ओळ म्हणायचा आणि श्वास घ्यायला थांबायचा. तेवढ्या जागेत काका काहीतरी सरकवून जायचे. दोन सूर, कधी तीन. पुढची ओळ आली की गप्प. दोन तास हेच. परत येताना मी विचारलं, "काका, तुमचा नंबर कधी येतो?"

"कसला नंबर?"

"तुम्ही एकटे वाजवता तो."

"येत नाही. स्टीलवाल्याचं काम ओळींच्या मध्ये असतं. तो गातो ते लोकांना कळतं. मी वाजवतो ते कळत नाही, पण थांबलो की कळतं."

कायदा काय होता ते सांगते, कारण पत्रकात मला हे एका वाक्यात कधीच बसवता आलं नाही. आधी पबमध्ये एक किंवा दोन माणसांनी वाजवायला वेगळी परवानगी लागत नसे. ही दोघांची सवलत कायद्याने काढून टाकली. आता एका माणसाने बासरी वाजवायची म्हटली तरी पबच्या परवान्यात जिवंत संगीताची, म्हणजे लाइव्ह म्युझिकची, सोय हवी. मोठ्या पडद्यावर फुटबॉल दाखवायला मात्र तशी काही अट नाही. आमच्या पबच्या मालकाने परवाना नवा करताना संगीत मागितलंच नव्हतं. कोपऱ्यात दोन म्हातारे बसतात, त्याला काय मागायचं, असं त्याला वाटलं.

त्या रविवारी काका खुर्ची ओढून बसले, मी वायर जोडत होते, तेवढ्यात मालक आला. तोंड पडलेलं. "डॉक, माझ्यावर रागावू नका. बावीस माणसं आणि एक चेंडू चालतो. तुम्ही दोघं चालत नाही."

गायक म्हणाला, "आम्ही दोघं आणि एक चेंडू असलो तर?"

हसले सगळे. काकाही हसले. मग त्यांनी गिटार पेटीत ठेवली, कांडी पुसून खिशात टाकली, आणि आम्ही घरी आलो. घरी आल्यावर ते हसत नव्हते. काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "यांची बोटं आखडायला लागलीत. सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही. अजून दोन-तीन वर्षं वाजवतील, फार तर. घरी बसून ती का घालवायची?"

मला एवढं पुरेसं होतं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. काका दारात येऊन म्हणाले, "माझं नाव घालू नकोस हं. आणि तो 'धिक्कार' काढ."

"धिक्कार ठेवते. नाव काढते."

मालक भला होता, त्याने परवान्यात बदल करायचा अर्ज केला. असा अर्ज केला की फिक्या निळ्या कागदावर सूचना छापून महिनाभर दारावर लावावी लागते आणि शेजाऱ्यांना हरकत घेता येते. एक हरकत आली. मालकाने मला नाव-पत्ता दाखवला आणि मी बघतच राहिले. आडनाव मराठी.

पबच्या मागच्याच गल्लीत घर. पत्रकं घेऊन गेले. दार उघडलं ते तिशीतल्या एका मुलाने, रोज रीडिंग शहरात आयटीच्या नोकरीला जाणारा, गळ्यात अजून ऑफिसचा पास. मागे बायको, कडेवर बाळ. दोघं पुण्याची. काकांचा विषय काढला तशी ती म्हणाली, "अय्या, ते काका! दिवाळीला मराठी मंडळात भावगीतं वाजवली होती ना? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"मग त्यांच्याविरुद्ध पत्र का लिहिलंत?"

"काकांविरुद्ध कुठे?" तो म्हणाला. "आम्ही लाइव्ह म्युझिकविरुद्ध लिहिलं."

"ते म्हणजेच काका."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या डोक्यात ड्रम्स, आरडाओरडा, असं काहीतरी. पण ती पुढे बोलली ते मला खोटं म्हणता येईना. "रात्री बाटल्या फेकतात, आवाज होतो, बाळ दचकून उठतं. पबमध्ये दोनदा सांगून आले, कोणी लक्ष दिलं नाही. त्या निळ्या कागदावर पहिल्यांदा आम्हाला विचारलं होतं. म्हणून लिहिलं." मग म्हणाली, "तू काळजी करू नकोस. आम्ही दुसरं पत्र लिहितो. काकांसाठी."

लिहिलंही. कौन्सिलच्या सुनावणीला बाबागाडी घेऊन दोघं आली. तीन नगरसेवक समोर बसलेले. त्यातल्या मुख्य बाईंनी ते नवं पत्र कौतुकाने मोठ्याने वाचलं: डॉक्टर फार सुंदर वाजवतात, आमची हरकत नाही, फक्त बाळाच्या झोपेसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नकोत. बाई म्हणाल्या, असे शेजारी सगळ्यांना मिळोत. परवानगी दिली. रविवारी दुपारी, जिवंत संगीत, ॲम्प्लिफायरविना.

बाळाच्या आईने काकांकडे बघून हात हलवला. काका उठले, थोडे वाकले, "थँक यू, व्हेरी काइंड," म्हणाले आणि खाली बसले.

गायकाने बाहेर येईपर्यंत धीर धरला. "डॉक, ते काय म्हणाले ते तुम्हाला कळलं ना?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती बाळाला घेऊन आली होती. इतक्या प्रेमाने लिहिलेलं. तोंडावर काय सांगू, तुमचं पत्र चुकलं म्हणून?"

मला तोपर्यंत काही कळलं नव्हतं. घरी आल्यावर काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि प्लग न लावता वाजवली. मी हातभर अंतरावर होते. डब्यावर नख मारल्यासारखा आवाज आला. लाकडी गिटारला पोट असतं, आवाज तिथे मोठा होतो. या फळीला पोटच नाही, तिचा आवाज विजेतूनच यायचा. लहान करायचा तर बटण फिरवून हवा तेवढा लहान होतो, बाळाच्या श्वासाइतका. पण वीजच काढली तर काही उरत नाही.

मी भडकले. अपील करू म्हटलं, पेपरात देऊ म्हटलं. काका म्हणाले, "राहू दे गं. त्यांना वाईट वाटेल."

गायक दोन रविवार एकटा गेला, साध्या गिटारवर. मग सोडून दिलं. म्हणाला, ओळ संपली की मी थांबतो आणि तिथे कोणीच नसतं, पुढचे दात पडल्यासारखं वाटतं.

तेव्हापासून ते दोघं काकांच्या दिवाणखान्यात बसतात. काकू पोहे करतात, मंडळातली चार माणसं येतात. सगळे सतरंजीवर मांडी घालून, चिडीचूप, दर सुराला 'वा'. काका वाजवतात, पण मला दिसतं, त्यांना ते जड जातं. एकदा म्हणालेच, "घरी सगळे माझ्याकडेच बघतात. पबमध्ये लोक बोलत असायचे, मी त्यांच्या बोलण्याच्या खाली वाजवायचो. ती मजा वेगळी."

एकदा ती पुण्याची दोघंही आली. मी त्या मुलासमोर प्लग काढला आणि म्हटलं, छेड. त्याने तार छेडली, कान जवळ नेला, पुन्हा छेडली. "गिटार म्हणजे गिटार, असं वाटलं मला," तो म्हणाला. आणि मग जरा चिडूनच, "पण काकांनी तेव्हाच का नाही सांगितलं? एका मिनिटात पत्र बदललं असतं मी!" आता पुन्हा अर्जाचा खर्च करायला मालक तयार नव्हता.

काका कांडी पुसत राहिले. काकू म्हणाल्या, "यांनी? लग्नात माझ्या मामाने यांना दोन नंबर मोठे बूट दिले, ते चार वर्षं घातले यांनी."

आता तुम्हाला सांगते. तुम्ही या देशात राहता, कुठल्यातरी पबच्या, क्लबच्या, हॉलच्या मागच्या गल्लीत राहता. कायदा अजून, म्हणजे हे लिहितेय त्या २००७ सालीही, तोच आहे. या रविवारी तिथे जा आणि मालकाला विचारा, तुझ्याकडे वाजवायची परवानगी आहे का, ॲम्प्लिफायरसकट? नसेल तर त्याला अर्ज करायला सांगा, आणि शेजारी म्हणून स्वतःच्या नावाने लिहून द्या की आमची हरकत नाही. आवाजाची शंका असेल तर वाजवणाऱ्यासमोर जाऊन बसा, ऐका, त्यालाच विचारा. आणि तुम्हीच वाजवणारे असाल तर तुमचं काम विजेवर चालतं हे तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, तोंड उघडून सांगा. कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. काकांची बोटं तुमच्यासाठी थांबणार नाहीत.