कानावरची मोहरी

"हे काय चिकटवलंय कानाला?"

डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पट्टी ओढली. मोहरीचा दाणा फरशीवर पडला. मग दुसरी पट्टी. मग तिसरी. कान सोलल्यासारखा झोंबला. मी तपासणीच्या टेबलावर आडवी, साडी गुडघ्यांच्या वर. पडदा अर्धा उघडा. बाहेर बाकावर बायका.

"कानात मोहरी पेरून पोटात पोर उगवतं का गं? नजर उतरवायचे धंदे घरी करायचे."

नर्स हसली. बाकावरही कुणीतरी हसलं. डॉक्टरांना चेव आला. "तुमच्या वस्तीत तर पोरं ढिगानं होतात. तुलाच काय झालं?"

मी साडी खाली ओढली, एवढंच.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दवाखाना उल्हासनगरला, आम्ही अंबरनाथच्या चाळीत. नवरा केमिकल कंपनीत, मी कारखान्यात पॅकिंगला. लग्नाला सात वर्षं झाली होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सोनोग्राफीला पोटभर पाणी पिऊन कळ सोसत बसणं झालं. दर महिन्याला आशा धरायची. दर महिन्याला मोरीत बसून रडायचं. नळ सोडून. सासूला ऐकू जायला नको.

मोहरी नजरेची नव्हती. शहाडला एक सिंधी बाई चिनी पद्धतीनं सुया लावायच्या. कलकत्त्याला शिकून आलेल्या. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी धरली, जीभ बघितली आणि विचारलं, "नींद आती है, बेटा?"

मला रडू कोसळलं. गर्भाशयाची चौकशी सगळ्यांनी केली होती. झोपेची कुणीच नाही.

"बच्चे की गारंटी मैं नहीं देती," त्या म्हणाल्या. "डॉक्टर की दवा बंद मत करना. और उनको बताना, सुई लेती हो."

त्यांनी पायांना, पोटाला सुया लावल्या. कानावर मोहरी चिकटवली, अधूनमधून दाबायला. घरी सासू म्हणाली, "आमच्या गावाला मिठासंगं उतरवून टाकतात. कानाला कोण चिकटवतं, बया?" मी समजावत बसले नाही. डॉक्टरांना मात्र सांगणार होते. तोंड उघडायच्या आत त्यांचा हात कानाला लागला.

बाहेर येऊन बाकावर टेकले. पुढचा नंबर नवऱ्याच्या कंपनीतल्या साहेबांच्या बाईंचा. शहाडला आमची गाठ पडलेली. त्यांच्याही कानावर त्याच पट्ट्या. त्यांनी मान वळवली. त्यांच्यासाठी पडदा पूर्ण ओढला गेला. आवाज मात्र येत होता.

"अरे वा, वहिनी! ॲक्युपंक्चर? चिनी लोकांचं जुनं शास्त्र आहे. चालू ठेवा, मन शांत राहतं. आणि साहेबांचा रिपोर्टही आलाय. बघू, त्यांनाही औषध देऊ."

साहेबांचा रिपोर्ट.

म्हणजे पुरुषाचीही तपासणी असते. सात वर्षं मी एकटीच आडवी झाले होते. माझ्या नवऱ्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी उठले. पडद्याबाहेरूनच म्हटलं, "डॉक्टर, माझ्या नवऱ्याची तपासणी का नाही सांगितलीत?"

आतून आवाज आला, "तुमचे नवरे येतात का कधी? पिऊन पडलेले असतात."

"माझा पीत नाही. तुम्ही विचारलंत कधी?"

"ए बाई, खाली बस," नर्स ओरडली.

"नाही बसणार."

या वेळी बाकावर कुणी हसलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. सासू कडाडली, "माझ्या लेकात खोट काढतेस?" नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"सात वर्षं म्हणतायत," मी म्हटलं. "मला."

तो गेला नाही. आजपर्यंत नाही. वाईट माणूस नाही तो. भित्रा आहे, आणि त्याच्या भीतीची किंमत माझ्या अंगावरून वसूल होते. सुयांनी मूल दिलं नाही, इंजेक्शनांनीही नाही. झोप तेवढी लागायला लागली होती, तीही पुन्हा गेली. आता मूल होईल असं वाटत नाही. बारशाचं बोलावणं येत नाही. आलं तर पाळण्यापासून लांब बसवतात.

पण आता कुणी वांझ म्हटलं, तर मी मान खाली घालत नाही. भर बायकांत सांगते, निम्मी तपासणी बाकी आहे. ती होईपर्यंत हा शब्द मी घेणार नाही.

आणि झाल्यावरही नाही.